चावताना की सोडताना?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मला इथे बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. आज मात्र मी दाढेवर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, साधा बी.ए. झालेला माणूस आहे. पण आमच्या घरात एक दाढ गेली आणि एक दाढ वाचली. एक का गेली आणि दुसरी का वाचली, हे डॉक्टरांना विचारून विचारून मी समजून घेतलं. तेवढंच तुमच्या कानावर घालतो. औषध मी सांगणार नाही, ते डॉक्टरांनीच सांगावं.

आधी गेलेल्या दाढेची गोष्ट. आम्ही सोलापूरकडची माणसं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे आमचं रोजचं सुख. २०१७ सालच्या हिवाळ्यात एका रात्री भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, आणि उजवीकडे खाली एकदम सणक आली. वीज चमकावी तशी आली आणि गेली. पाणी प्यायलो, पुन्हा चावून पाहिलं, काही नाही. दोन दिवसांनी चिवडा खाताना पुन्हा तेच. मऊ भात खाताना काही नाही. थंड पाणी कधी झोंबायचं, कधी नाही. आरशासमोर तोंड उघडून बसलो, चमच्याच्या दांड्याने एकेक दाढ ठोकून पाहिली, तरी कोणती दुखते ते ठरेना. कधी वाटायचं खालची, कधी वाटायचं वरची.

एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मी म्हणालो, "दाढ दुखतेय." त्यांनी फोटो काढला. फोटोत कीड नव्हती, मूळ स्वच्छ होतं. १९८९ साली कॉलेजात असताना त्या दाढेत चांदी भरून घेतली होती, तीही जागेवर होती. गोळ्या मिळाल्या, एक टूथपेस्ट मिळाली. घरी आलो तर सगळे हसले. म्हणाले, कवी माणूस, तुम्हाला कळ जरा जास्तच लागते! मलाही ते पटलं. मी डाव्या बाजूने चावायला लागलो आणि आठ महिने तसेच काढले.

मग रात्रीचा ठणका सुरू झाला. गरम चहा घेतला की दुखणं अर्धा अर्धा तास रेंगाळायचं. आणि एका लग्नात जेवताना तोंडात 'कट्' असा आवाज झाला. जिभेने चाचपलं तर दाढेचे दोन भाग वेगवेगळे हलत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, चीर मुळापर्यंत गेली आहे, आता काढण्याशिवाय इलाज नाही. काढल्यावर त्यांनी ती दाढ मला दाखवली. दोन तुकडे होते, आणि तुटलेल्या आतल्या बाजूवर तपकिरी डाग होता. ते म्हणाले, "ही चीर आजची नाही. बरेच महिने ती तुमच्याबरोबर चहा पीत होती."

ते वाक्य मला लागलं. शब्दांवर ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाने डॉक्टरांना दोनच शब्द सांगितले होते, "दाढ दुखतेय." केव्हा दुखते, कशी दुखते, किती वेळ दुखते, काहीच सांगितलं नव्हतं. दाताचा तडा लवकर ओळखायचा असेल, तर पहिला पुरावा फोटोत सापडत नाही. तो रुग्णाच्या बोलण्यात सापडतो. हे का, ते आता सांगतो.

दाताचं बाहेरचं कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं. पण कठीण वस्तू ठिसूळही असते, हे घरातल्या कपबशीवरूनही आपल्याला माहीत आहे. कवचाच्या खाली डेंटिन असतं, ते थोडं लवचीक. आणि सगळ्यांत आत मऊ गाभा, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. त्यालाच आपण बोलीत दाताची 'नस' म्हणतो.

आता जबडा कसा चालतो ते पाहा. घरात अडकित्ता असेल तर तो डोळ्यांसमोर आणा. सुपारी आपण टोकाशी ठेवत नाही, बिजागरीजवळ ठेवतो, कारण तिथे जोर जास्त मिळतो. आपल्या जबड्याची बिजागरी कानाजवळ असते, आणि दाढा तिच्या जवळ असतात. जोर लावून चावलं तर दाढांवर ५० ते ७० किलो वजनाइतका दाब सहज येतो. अशा वेळी भातातला खडा, सुपारीचं खांड किंवा खजुराची बी नेमकी दाढेच्या दोन उंचवट्यांच्या मध्ये आली, तर ती ओंडक्यातल्या पाचरीसारखं काम करते. त्यात दाढ पूर्वी कोरून मोठी चांदी भरलेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात. म्हणून तडा बहुधा खालच्या दाढांना जातो, आणि चाळिशी-पन्नाशीच्या माणसांत जास्त दिसतो.

तडा गेला म्हणजे दात लगेच तुटत नाही. केसाएवढी चीर पडते. चावलं की चिरेच्या दोन बाजू किंचित फाकतात, आणि दाब सोडला की झटकन मिटतात. डेंटिनमध्ये अतिशय सूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरात हजारो, आणि त्यांत द्रव असतो. चीर फाकली-मिटली की हा द्रव पिचकारीतल्या पाण्यासारखा हलतो, आणि आतल्या मज्जातंतूला ते कळतं. म्हणून सणक येते. आणि म्हणूनच अनेकांना ती चावताना येते त्यापेक्षा चावणं सोडताना जास्त येते. कीड लागलेला दात सहसा असं करत नाही. सोडताना येणारी सणक ही तड्याची मोठी खूण आहे. तडकलेल्या दाताच्या या सगळ्या लक्षणांना एकत्र करून कॅमेरॉन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९६४ साली 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' असं नाव दिलं. तेच आजही रूढ आहे.

मग फोटोत तडा का दिसत नाही? दाराच्या फटीला सरळ रेषेत डोळा लावला तर पलीकडचा उजेड दिसतो. बाजूने पाहिलं तर दार बंदच वाटतं. दाढेचा तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो, आणि फोटोचे किरण गालाकडून जिभेकडे जातात. फट किरणांच्या रेषेत येतच नाही. फोटो निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. कीड, मुळाशी झिजलेलं हाड, जुनं रूट कॅनॉल, हे फोटोतच कळतं. पण फोटो स्वच्छ आला म्हणून तडा नाही, असं म्हणता येत नाही. नवीन त्रिमितीय स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात, त्यातही केसाएवढी चीर बऱ्याचदा सुटते.

आणि कोणती दाढ ते मला बोट ठेवून का सांगता येईना? कारण दाताच्या आतल्या नसेला 'दुखतंय' एवढंच कळतं, 'कुठे' ते नीट कळत नाही. जागा सांगण्याचं काम मुळाभोवतीचे तंतू करतात, आणि तडा तिथवर पोचेपर्यंत ते गप्प असतात. म्हणून माणूस वरच्या-खालच्या दाढेत गोंधळतो. चमच्याने ठोकूनही मला काही समजलं नाही, त्याचंही कारण हेच. कुंभाराकडून माठ घेताना आपण तो टिचकी मारून, वाजवून घेतो. तडा असेल तर आवाज दबका येतो. सुरुवातीच्या तड्याची दाढ मात्र उभ्या ठोक्याला बहुधा काहीच उत्तर देत नाही.

आता आपल्या भाषेचा उपयोग बघा. दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! थंड किंवा आंबट लागलं की दात 'आंबतात', शिवशिवतात. हे बहुतेक वेळा हिरडी सरकल्यामुळे किंवा कवच झिजल्यामुळे होतं. चावताना-सोडताना क्षणभर 'सणक' येते, तिथे तड्याचा संशय घ्यावा. काही न खाता आपोआप 'ठणका' लागतो, रात्री वाढतो, गरम लागल्यावर रेंगाळतो, म्हणजे आतली नस सुजली आहे. 'ठसठस' होते, दाताला दात लागू देत नाही, गाल सुजतो, तेव्हा मुळाशी पू झाल्याची शक्यता असते. माझ्या दाढेने हा प्रवास ओळीने केला होता. सणक होती तेव्हा वेळ हातात होती. ठणका लागला तेव्हा ती निसटायला लागली होती. आणि एक सावधगिरी. ठणका अचानक आपोआप थांबला, तर आनंद मानू नका. नस मेली तरीही दुखणं थांबतं, आणि आत पू साठत राहतो.

सगळी सणक दाताची नसते, हेही सांगायला हवं. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम जड दुखतात, वाकलं की वाढतं, ते बहुधा सायनसचं असतं. तोंड धुताना, दाढी करताना गालाला नुसता स्पर्श झाला की विजेसारखा झटका बसतो, तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार असू शकतो. आणि जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की कमी होतो, असं असेल तर दाताचा दवाखाना शोधत बसू नका. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. सरळ रुग्णालय गाठा.

आता वाचलेल्या दाढेची गोष्ट. २०२३ सालचा रमजान ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी आला होता. रोजा सोडताना घाईत माझ्या पत्नीच्या दाढेखाली खजुराची बी आली. त्या वेळी काही वाटलं नाही. तीन-चार दिवसांनी सरबत पिताना तिने गाल धरला, आणि मग भजी खाताना पुन्हा धरला. म्हणाली, "काही नाही, जरा दाढ दुखली." माझं वाक्यच तिच्या तोंडून ऐकलं आणि मी विचारलं, "चावताना की सोडताना?" ती थांबली. अजून एक भजं उचललं, सावकाश चावलं, आणि म्हणाली, "सोडताना." दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दवाखान्यात होतो.

त्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी खुर्ची मागे टेकवायच्या आधी दहा मिनिटं नुसतं विचारलं. "काकू, केव्हापासून? कडक काही चावलं गेलं होतं का? थंड लागतं की गरम? किती वेळ राहतं? झोपेत दात खाता का? सकाळी जबडा आखडतो का?" पत्नी शाळेत शिकवते, तिने सगळी उत्तरं नीट दिली. मग तपासणी झाली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

पहिल्यांदा दात कोरडे करून त्यांनी भिंगातून पाहिलं. मग प्लास्टिकचं एक छोटं तुकड्यासारखं साधन दाढेच्या एका उंचवट्यावर ठेवलं आणि चावायला सांगितलं, मग सोडायला. मग दुसऱ्या उंचवट्यावर, मग तिसऱ्या. सगळी दाढ एकदम दाबली तर दाब वाटला जातो आणि काही कळत नाही. एकेक उंचवटा वेगळा दाबला की चोर सापडतो. चौथ्या उंचवट्यावर दाब सोडताच पत्नीने डोळे मिटले आणि हात वर केला. मग कापसाचा गार बोळा त्या दाढेला आणि शेजारच्या दाढेला लावून पाहिला. तडकलेली दाढ जास्त झोंबली, पण बोळा काढताच दोन-तीन सेकंदांत थांबली. म्हणजे नस जिवंत होती आणि फार बिघडलेली नव्हती.

नंतर खोलीतला दिवा मंद केला आणि दाढेला बाजूने एक बारीक प्रखर उजेड लावला. हे मला फार आवडलं. धड दात अशा उजेडात सगळा उजळतो. तडा असेल तर उजेड त्या रेषेपाशी अडतो, अलीकडचा भाग उजळ आणि पलीकडचा काळोखा. आपल्या समोरच्या दातांवर उभ्या बारीक रेषा दिसतात, त्यांना घाबरू नका. त्या फक्त कवचातल्या असतात, बहुतेक प्रौढांना असतात, आणि त्यांतून उजेड पार जातो. पत्नीच्या दाढेत उजेड मध्येच अडला.

मग त्यांनी खुणांची बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत सगळीकडून फिरवली. ही फट दोन-तीन मिलिमीटर असणं नेहमीचं. एकाच जागी ती एकदम खोल लागली, तर तडा मुळाकडे उतरल्याची ती वाईट खूण. इथे तशी खोली लागली नाही. शेवटी दाढेतलं जुनं भरण काढलं, आत निळा रंग लावला आणि धुतला. तडा होता तिथे बारीक निळी रेघ राहिली. डॉक्टरांनी आरसा धरून ती पत्नीला दाखवली. फोटोही काढला होता, त्यात काहीच दिसलं नव्हतं.

हाड मोडलं तर जुळतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. दाताचं कवच बनवणाऱ्या पेशी दात उगवण्याच्या सुमारासच संपतात. त्यामुळे दाताचा तडा आपोआप भरून येत नाही, तो वाढू नये एवढंच करता येतं. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवतात ना, तसं. डॉक्टरांनी आधी दाढेभोवती स्टीलची एक कडी बसवली. कडीने दोन्ही बाजू आवळून धरल्या आणि सणक थांबली. हीसुद्धा एक तपासणीच. आवळल्यावर दुखणं थांबलं म्हणजे निदान बरोबर. काही आठवड्यांनी कायमची कॅप बसवली. कॅप बसवताना डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "काकू, तडा आत किती खोल गेलाय हे कुणालाच पूर्ण दिसत नाही. पुढे कधी नस बिघडली तर रूट कॅनॉल करावं लागेल. पण आज दाढ काढायची गरज नाही." अजून ती दाढ जागेवर आहे, आणि आमच्या घरात कडक भाकरी आता फक्त तिलाच दोन्ही बाजूंनी खाता येते.

दाढेचा नुसता एक उंचवटा तुटला तर काम सोपं असतं, तो भरून किंवा कॅप घालून दुरुस्त होतो. तडा मधोमध असून वरच्या भागात असेल तर वाचवता येतो. दोन भाग वेगळे हलायला लागले की बहुधा काढावीच लागते. आणि रूट कॅनॉल झालेल्या दाताचं मूळ कधी खालून उभं तडकतं, तिथे दुखणं कमी आणि हिरडीवर वारंवार येणारी पुटकुळी जास्त, अशी लक्षणं असतात. म्हणून दाढेचं रूट कॅनॉल केल्यावर डॉक्टर कॅप घालायला सांगतात, ती पुढे ढकलू नका.

तडा जाऊ नये म्हणून काय करावं, ते थोडक्यात. सुपारी अडकित्त्याने कातरावी, दाढेने फोडू नये. बर्फ चावू नये. मटणाच्या नळीतला मगज चोखून खावा, नळी दाढेखाली धरू नये. बाटलीचं झाकण दाताने उघडू नये. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांकडून रात्रीचं संरक्षक कवच करून घ्यावं. मनावरच्या ताणाचा दातांशी संबंध आहे. करोनाच्या साथीत, २०२१ साली, अमेरिकन डेंटल असोसिएशनने आपल्या दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा ६० टक्क्यांहून अधिक जणांनी तडकलेल्या दातांचे रुग्ण वाढल्याचं सांगितलं होतं. लोक घरात बसून काळजीने दात आवळत होते.

खर्चाची काळजी अनेकांना असते, मलाही होती. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. आणि तपासणी लवकर झाली तर खर्चही कमी होतो. कॅपवर भागणारं काम थांबून राहिलं की रूट कॅनॉलवर जातं, आणि तिथूनही थांबलं की दाढ काढून कृत्रिम दाढ बसवण्यावर.

आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. चण्यांचं काय ते नशीब ठरवील. दातांचं थोडं आपल्या हातात आहे. दवाखान्यात जाताना चार गोष्टी मनाशी ठरवून जा. कशाने दुखतं, चावल्याने, थंडाने की गरमाने? चावताना दुखतं की सोडताना? किती वेळ टिकतं, क्षणभर की अर्धा तास? आणि त्या आधी दाताखाली काही कडक आलं होतं का? वेदनेची गोळी घेऊन जाऊ नका, नाहीतर तपासणीत दाढ खोटं उत्तर देईल. फोटो स्वच्छ आला तर चिडू नका आणि गप्पही बसू नका. नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, एकेक उंचवटा दाबून पाहता का?"

मी हे २०१७ साली म्हणालो असतो, तर उजवीकडची जागा आज रिकामी नसती. तुमच्या घरी कुणी जेवताना मध्येच थांबलं, गालावर हात ठेवला आणि "काही नाही" म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा. चावताना की सोडताना?